दोन दशांश

करूळ घाट चढताना काटा लाल पट्टीत गेला
तेव्हा आम्ही दोघांनीही तो पाहिला.
मी रणधीरकडे पाहिलं नाही, त्यानं माझ्याकडे.
वैभववाडीपासून आम्ही बोलत नव्हतो,
आणि आधी कोण, या हट्टात
गगनबावड्यापर्यंतची सगळी वळणं गेली.
मग बॉनेटखालून वाफ आली.
तीच पहिली बोलली.

रविवारी भूपाल मिस्त्रींनी डिपस्टिक ओढून दाखवली :
तेल दुधाळ, कपात राहून गेलेल्या चहासारखं.
"पाणी तेलात गेलंय, वैनी. गॅस्केट उडालंय.
हेड काढाय लागतंय."
बोल्ट कडेकडून आत, थोडे थोडे सैल केले.
व्हॉल्व्ह पुठ्ठ्याला भोकं पाडून खोचून ठेवले,
ज्याचं भोक त्यालाच, अदलाबदल चालत नाही म्हणे.
गॅस्केट निघालं ते दोन आणि तीनच्या मधे
जळलेलं, बोटभर.
बोटभर जागेतून
एकाचा जाळ दुसऱ्याच्या घरात.

सोमवारी उद्यमनगर बंद.
हेड आमच्या ओट्याखाली, वर्तमानपत्रावर.
रणधीर पाण्याला उठला की त्याला वळसा घालून जायचा.
मीही.
रात्री बॅटरी घेऊन मी खाली बसले,
हात फिरवून पाहिला.
सपाट. मला तरी सपाटच लागलं.

मंगळवारी रिक्षात, गोणपाटात गुंडाळून, मांडीवर.
खड्डा आला की दोन्ही हातांनी धरायची.
त्या ड्रेसचा डाग अजून गेलेला नाही.

याकूब शिकलगारांचे आजोबा तलवारींना पाणी द्यायचे,
वडील अडकित्ते आणि विळ्या.
त्यांनी आधी चहा सांगितला,
मग हेडवर पोलादी पट्टी तिरकी उभी केली
आणि तिच्यामागे बल्ब धरला.
"हिकडं बसून बघा."
मधोमध, पट्टीखाली,
उजेडाची एक रेघ. दोन-तीन केस जातील एवढी.
फीलरचं पान सरकवलं, अडलं, काढलं.
"दोन दशांश."
एवढंसंच?
"एवढंच पुरतंय. मऊ धातू. तापला की वाकतोय,
त्याचा काय दोष न्हाई."

चुंबक ॲल्युमिनियमला धरत नाही.
त्यांनी क्लॅम्प लावले, सावकाश,
प्रत्येकाला दोनदा हात लावून.
मला वाटलं होतं ठिणग्या उडतील. नाही उडाल्या.
साबणाच्या पाण्याचा वास, आणि वर्खासारखा चुरा.
पहिल्या फेरीत फक्त कडा उजळल्या.
दुसरीत मधलं काळं जरासं आकसलं.
चौथीनंतरही रुपयाएवढं एक बेट राहिलंच होतं,
मी त्याच्याकडेच बघत होते.
"भर घालून सपाट होत न्हाई, वैनी.
उंच हाय ते उतरवायचं."
उंच कोण होतं आमच्यात,
हे मी परतीच्या रिक्षात मोजायला घेतलं
आणि टेंबलाईच्या फाटकाशी सोडून दिलं.

निघताना त्यांनी कडेची एक जुनी खूण दाखवली.
"ह्याच्या आधी बी कुणीतरी घेतलंय.
आता शिल्लक न्हाई. परत तापवू नगा."

बसवताना बोल्ट मधून बाहेर, गोल गोल,
एका दमात नाही, तीन हप्त्यांत.
टॉर्कचा पाना टक् म्हणाला की थांबायचं.
रणधीर आला होता. पुठ्ठा हातात घेऊन उभा,
रिकाम्या भोकांतून पलीकडे काय दिसतं ते बघत.

बुधवारी संध्याकाळी कावळा नाक्यापर्यंत गेलो.
काटा चढला, चढत राहिला,
सिग्नलला उभं असताना तर दोघांचाही श्वास ऐकू येत होता,
मग अर्ध्यावर थांबला.
"अर्ध्यावर आहे," मी म्हणाले.
त्याला दिसत होतंच.
"हं," तो म्हणाला. आणि सिग्नल सुटल्यावर,
"पंखा लागला का बघ गं, ऐकू येतोय का."
मी काच खाली केली.